तेल महागतं तेव्हा विमानतळावर आधी रोस्टर बदलतं

कळव्याच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "मुलगी दीड वर्षापासून विमान कंपनीत केबिन क्रू आहे. धाकटा मुलगा नवी मुंबई विमानतळावर ठेकेदाराकडे रॅम्पवर सामान चढवायच्या कामाला लागलाय. आखातात युद्ध पेटलं की टीव्हीवर तेलाचा भाव दाखवतात आणि आमचा जीव टांगणीला लागतो. दोघांच्या नोकरीला कितपत धोका आहे? मुलीने घोडबंदरला वन बीएचके बघितलाय, बुकिंग करू द्यावं का?"

दादा, मी एकतीस वर्षं विमान कंपन्यांत काढली. सुरुवातीला सहारला काउंटरवर होतो, नंतरची बावीस वर्षं डिस्पॅचमध्ये. विमान कोणत्या मार्गाने जाईल, किती इंधन घेईल याचा कागद आम्ही तयार करतो. तेल वाढलं की त्याची पहिली झळ कुठे बसते, हे मी त्याच टेबलावर पाहिलं. तुमच्या दोन मुलांचं उत्तर एक नाही. मुलीची नोकरी तेलामुळे लगेच जाण्याची शक्यता कमी आहे, पण तिच्या हातात येणारा पगार कमी होऊ शकतो. मुलाच्या बाबतीत मी जास्त सावध राहीन. घराचं शेवटी सांगतो, कारण ते आधीच्या हिशोबावरच अवलंबून आहे.

विमानाच्या इंधनाला एटीएफ म्हणतात. पंपावरचं पेट्रोल-डिझेल महिनोन्महिने एकाच भावाला राहिलेलं आपण पाहिलं आहे. एटीएफची पद्धत वेगळी. तेल कंपन्या साधारणपणे दर महिन्याच्या १ तारखेला नवा दर लावतात, आणि तो आंतरराष्ट्रीय भाव नि डॉलरचा दर यांवरून ठरतो. मला रॅम्पवरची मुलं विचारायची, "सर, शुद्धीकरण तर आपल्याकडेच होतं, जामनगरला, माहुलला, मग युद्ध तिकडे झालं तर भाव इकडे का?" कारण आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, आणि इथे तयार झालेलं एटीएफसुद्धा बाहेरच्या भावाशी बांधलेलं असतं. जगात रोज वापरलं जाणारं जवळपास एक पंचमांश तेल होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातं. तिथे नुसती अडवणुकीची भाषा झाली तरी भाव हलतो.

वर कर. एटीएफ जीएसटीत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, दोन्ही टक्क्यांत आहेत, त्यामुळे मूळ भाव वाढला की कराची रक्कमही वाढते. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये हा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. तुमच्या मुलाचा विमानतळ नावाने नवी मुंबईचा असला तरी पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडमध्ये येतो, हे इथे कामाला आलं.

आता एका फेरीचा हिशोब करू. मुंबई–दिल्लीला ए-३२० जातीचं विमान साधारण पाच टन इंधन जाळतं, म्हणजे सव्वासहा किलोलिटर. समजा दर किलोलिटरला ९०,००० रुपये आहे, तर ५ लाख ६२ हजार झाले. दर १ लाख ३० हजारांवर गेला तर त्याच फेरीला ८ लाख १२ हजार. अडीच लाखांचा फरक. विमानात १६० प्रवासी धरले तर प्रत्येकी दीड हजाराहून जास्त. एवढं तिकीट वाढवलं तर निम्मी माणसं राजधानी एक्स्प्रेसकडे वळतील, म्हणून कंपनी काही भाग वाढवते आणि काही पोटात घेते. दिवसाला अशा शेकडो फेऱ्या असतात. शिवाय तेल महागलं की आपला रुपया घसरतो, आणि कंपनीने भाड्याने घेतलेल्या विमानांचं भाडं, इंजिनांची दुरुस्ती, सुटे भाग हे सगळं डॉलरमध्ये असतं. एकाच घटनेचे हे दोन फटके.

त्या सव्वासहा किलोलिटर इंधनाच्या शेजारी त्याच विमानात सामान चढवणाऱ्या पाच-सहा मुलांची त्या तासाभराची मजुरी ठेवून बघा. काही शेकड्यांत येते. तरीही कात्री तिथे लागते, हे मला कधीच पटलं नाही. कारण एवढंच, की इंधनाचा भाव कंपनीच्या हातात नाही, विमानाचं भाडं करारात अडकलेलं आहे, विमानतळाचं शुल्क ठरलेलं आहे. हातात उरतात फेऱ्या, माणसं आणि ठेकेदाराची बिलं.

आधी फेऱ्यांचं सांगतो, कारण तुमच्या मुलीचा संबंध तिथे आहे. तेल वाढलं की ज्या फेरीत जेमतेम खर्च निघत होता ती आधी बंद होते: दुपारची रिकामी फेरी, छोट्या गावाची फेरी, एकाच मार्गावरची तिसरी-चौथी फेरी. माणसं कामावर तितकीच राहतात, उडायचे तास कमी होतात. केबिन क्रूच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. समजा महिन्याचे ठरलेले २८,००० आणि तासाला ३०० रुपये भत्ता. ७५ तास उडाली तर ५०,५००. फेऱ्या कापल्या आणि तास ५० वर आले, तर ४३,०००. कोणी काढलं नाही, पत्र आलं नाही, पण घरात साडेसात हजार कमी आले. रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर, उड्डाणाऐवजी स्टँडबाय जास्त दिसायला लागतो. गणवेश घालून, केस बांधून घरात बसायचं, फोन आला नाही तर तो दिवस फारसं काही देऊन जात नाही. लेओव्हर, म्हणजे फेरीनंतरचे परगावचे मुक्काम, कमी झाले की तिथला भत्ताही जातो. ऐरोलीच्या एका मुलीला मी अशा काळात पाहिलं आहे. ती पगारपत्रक घेऊन आमच्याकडे आली आणि विचारत होती, "सर, माझं काही चुकलं का?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिची रात्रीची नागपूरची फेरी बंद झाली होती.

युद्धामुळे हवाई हद्द बंद झाली तर चित्र थोडं उलट होतं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली. युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं वळसा घालून जाऊ लागली, अमेरिकेची काही उड्डाणं व्हिएन्नाला इंधनासाठी थांबू लागली, इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंदच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, कारण त्या विमानांना तेवढा वळसा झेपत नव्हता. लांब फेरीत क्रूचे तास वाढतात, भत्ता वाढतो. पण माणसाला किती वेळ कामावर ठेवायचं याला नियमांची मर्यादा आहे. वैमानिकाला वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. फेरी दोन तासांनी लांबली की तेवढ्याच माणसांत कमी फेऱ्या बसतात, किंवा जादा क्रू न्यावा लागतो. कोणाला महिना भरून तास मिळतात, तर कोणाची फेरीच रद्द होते. वाढलेला भत्ता बघून हप्ता वाढवून घेणारेही मी पाहिले. हद्द उघडली की तास पुन्हा खाली येतात.

आता नोकरी जाण्याबद्दल. इथे लोकांची समजूत अशी, की तेल वर म्हणजे नोकऱ्या खाली. माझा अनुभव इतका सरळ नाही.

२००८ च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं होतं. जेट एअरवेजने सुमारे १,९०० जणांना घरी पाठवल्याची बातमी आली ती ऑक्टोबरमध्ये, जेव्हा तेल जवळजवळ निम्म्यावर उतरलं होतं. मुलं-मुली गणवेशात रस्त्यावर आली, राजकीय पक्ष मध्ये पडले आणि एक-दोन दिवसांत सगळ्यांना परत घेतलं. पण तारखांकडे बघा. तेल महाग असताना कंपन्यांची गंगाजळी आटली, आणि नंतर जगभर मंदी आली तेव्हा प्रवासी नाहीसे झाले. फटका उशिरा बसला, म्हणजे "हुश्श, तेल उतरलं" असं आपण म्हणत होतो तेव्हा.

२०२२ चं बरोबर उलटं. रशिया–युक्रेन युद्ध सुरू झालं, मार्चमध्ये एटीएफने दिल्लीत पहिल्यांदा किलोलिटरला लाखाचा आकडा ओलांडला आणि १६ जूनला तो १ लाख ४१ हजारांच्या वर गेला. इतकं महाग आधी कधीच नव्हतं. आणि २ जुलैला काय झालं? इंडिगोची निम्म्याहून जास्त विमानं उशिरा सुटली, कारण क्रूतल्या बऱ्याच जणांनी आजारपणाची रजा टाकली होती. त्याच सुमारास एअर इंडियाची भरती चालू होती. इंधन विक्रमी महाग, आणि तरी माणसं नवी नोकरी शोधत होती नि कंपन्या माणसं शोधत होत्या. कोविडनंतर प्रवासी परत आले होते, विमानं भरत होती.

म्हणून टीव्हीवरच्या तेलाच्या भावापेक्षा दोन गोष्टी बघा: विमानं भरतायत का, आणि कंपनीकडे पैसा आहे का. आधीच कर्जात असलेल्या कंपनीला महाग तेल पेलवत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात कच्चं तेल (ब्रेंट) पिंपाला ८६ डॉलरवर आणि डॉलर ७४ रुपयांवर गेला, तेव्हा ते बऱ्याच कंपन्यांनी सोसलं. जेट एअरवेज सोसू शकली नाही. आधी वैमानिक, अभियंते आणि वरच्या अधिकाऱ्यांचे पगार लांबले, नंतर सगळ्यांचेच, आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं विमान उतरलं. ठाणे, मीरा रोड, नवी मुंबई या पट्ट्यातली कितीतरी घरं त्या नोकऱ्यांवर उभी होती.

कंपनीकडे पैसा आहे का, हे बाहेरून कसं ओळखायचं? मी एका कंपनीत होतो, तिचं नाव घेत नाही. तिथे मला पहिली खबर कंपनीच्या कॅबवाल्याने दिली. पहाटे पावणेतीनला माजिवड्याहून तो मला उचलायचा. एकदा म्हणाला, "साहेब, आमच्या मालकाचं चार महिन्यांचं बिल अडकलंय, पुढच्या आठवड्यापासून मी येईन का नाही सांगता येत नाही." माझा पगार तोवर वेळेवर येत होता. मग ठाण्यापलीकडे राहणाऱ्यांची कॅब बंद झाली, क्रूचं परगावचं हॉटेल बदललं, आणि एक विमान महिनाभर कोपऱ्यात उभं राहिलं नि त्याचे भाग काढून दुसऱ्या विमानांना लावले जाऊ लागले. पगार थकला तो त्यानंतर पाच महिन्यांनी. कंपनी आधी बाहेरच्यांचं देणं थकवते, मग सरकारचं, मग आपलं. त्यामुळे मुलीला सांगा, कॅबवाले काय बोलतात ते ऐकत जा. पगारातून कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या पोर्टलवर दिसतो का ते तिमाहीला बघत जा. पीएफचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात; पासबुकात ते दिसायला थोडे दिवस लागतात, पण सलग दोन महिन्यांची नोंद नसेल तर गप्प बसू नये.

पीएफवर माझा एवढा जोर का? कंपनी दिवाळखोरीत गेली तर कर्मचाऱ्यांची थकलेली देणी रांगेत लागतात. कायद्यात 'कामगार' गटात बसणाऱ्यांची २४ महिन्यांपर्यंतची थकबाकी तारणदार बँकांच्या बरोबरीने येते, बाकी कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्यांच्यामागून. रांगेत शेवटी किती हाती पडेल सांगता येत नाही, आणि वेळ किती लागतो ते जेटमध्ये दिसलं: विमानं थांबली २०१९ मध्ये, अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याचा, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडात जमा झालेले पैसे मात्र कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत, ते कर्मचाऱ्यांचेच असतात. म्हणून वेळच्या वेळी तिथे जमा झालेला रुपया हा सगळ्यात सुरक्षित रुपया.

आता मुलाकडे येतो, आणि इथे जरा थांबतो, कारण अशा बातम्यांत रॅम्पवरच्या मुलांबद्दल कोणी विचारत नाही. तो ठेकेदाराचा माणूस. फेऱ्या कमी झाल्या की विमान कंपनी ठेकेदाराला सांगते, अमुक इतकीच माणसं द्या. ठेकेदार कोणाला काढल्याचं पत्र देत नाही. "उद्यापासून येऊ नको, लागलं तर फोन करतो," एवढंच. किंवा महिन्याला २६ दिवसांचं काम १८ वर येतं. ज्यांना ठेवतात त्यांच्यावर दुसरा त्रास: सहा जणांचं काम चार जणांनी करायचं, आणि विमान तेवढ्याच मिनिटांत सोडायचं. वाकून, गुडघ्यांवर बसून होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, वीस-पंचवीस किलोच्या बॅगा सरकवायच्या. विशी-बाविशीत पाठ धरलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलाला सांगा, पाठ धरली तर लपवू नको, लगेच नोंद करून घे. ठरलेला पगार २१,००० पर्यंत असेल तर तो ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, असायला हवा. कार्ड हातात आहे का ते विचारा. नसेल तर ठेकेदाराने ते का केलं नाही, हा पहिला प्रश्न.

ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या मूळ कंपनीवर येते. हे मुलांना माहीत नसतं, आणि ठेकेदार सांगत नाही. त्यासाठी मुलाकडे पुरावा हवा: विमानतळाच्या प्रवेशपासचा फोटो, हजेरीचे मेसेज, बँकेत आलेल्या पगाराच्या नोंदी. पगार रोखीत देत असेल तर बँकेत मागा. हे सगळं आत्ता, काम व्यवस्थित चालू असताना जमवायचं. "उद्यापासून येऊ नको" म्हटलं की पास त्याच दिवशी काढून घेतात.

मुलीला कधी कपातीचं पत्र आलंच, तर ठाण्यातल्या राज्याच्या कामगार कार्यालयात हेलपाटे घालू नका. विमान वाहतूक हा केंद्राच्या अखत्यारीतला विषय आहे, तक्रार मुंबईतल्या केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाते. माझ्या एका सहकाऱ्याचे चार महिने चुकीच्या दारात गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायची तरतूद आहे. आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटीचा हिशोब नुसत्या छोट्या बेसिकवर होऊ नये. क्रूच्या पगारात बेसिक लहानच असतं. मुलीने एचआरला लेखी विचारावं, आपला हिशोब कसा धरला आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आई-वडिलांना ती माहीत असावी. तेल महाग असताना सगळ्यांवर बचतीचा दबाव येतो. जादा घेतलेलं इंधन स्वतःचं वजन वाहून नेण्यातच काही प्रमाणात जळतं, म्हणून "एवढं जादा कशाला?" असा मेल आमच्याकडे यायचा. पावसाळ्यात मुंबईवर विमान अर्धा तास घिरट्या घालू शकतं, मग अहमदाबादला वळवावं लागतं. अशा रात्री कॅप्टनने जादा दोन टन मागितले तर मी कधी वाद घातला नाही, आणि दुसऱ्या दिवशी खुलासा दिला. त्याच दबावात क्रूला आजारी रजा मागायची भीती वाटते. मुलीला ताप असेल, कान दुखत असेल, तर तिने उडू नये. बंद कानाने उडालं तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

आता घर. बुकिंगला माझा सरसकट नकार नाही. मुलीचं पगारपत्रक घ्या आणि उड्डाणाचे तास, लेओव्हर, इन्सेंटिव्ह हे सगळं पेन्सिलने खोडा. जो ठरलेला आकडा उरेल, त्याच्या तिसऱ्या हिश्शात हप्ता बसत असेल तर पुढे जा. बँक गेल्या सहा महिन्यांची सरासरी बघून कर्ज मंजूर करेल, त्यावर जाऊ नका. त्या सहा महिन्यांत तास भरपूर मिळाले असतील. हप्ता बसत नसेल तर सहा महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत थांबा. घोडबंदरला घरं पुढच्या वर्षीही मिळतील. मुलाचा पगार तर या हिशोबात धरूच नका, त्याने दिला तर तो वरखर्चाला.

आज रात्री दोघांना एकत्र बसवून उमंग ॲपवर दोघांची पीएफ पासबुकं उघडा. मुलीचं ठीक असेल असं मला वाटतं. मुलाच्या पासबुकात ठेकेदाराचं नाव आणि गेल्या तीन महिन्यांची रक्कम दिसते का ते बघा. दिसत नसेल तर त्याच रात्री स्क्रीनशॉट काढून ठेवा, ईपीएफओच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाका, आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.